वल्हांडणाचं कोकरू पापार्पण नव्हतं

एका लेखात म्हटलंय की ख्रिस्त ‘देवाचा कोकरा’, कारण देवाचा कोप शमवायला बळी हवा होता. हे मला पटलं नाही. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या 12व्या अध्यायातलं वल्हांडणाचं (म्हणजे इस्राएली लोकांच्या इजिप्तमधून सुटकेच्या सणाचं) कोकरू कोप शमवायला नव्हतंच. त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं, मांस घरच्यांनी त्याच रात्री खायचं आणि गुलामीतून बाहेर पडायचं. लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात जायचा तो बकरा, बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायातला.

वसईला आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूच्या मरणाचं वर्णन वाचतात. क्रुसावर येशूचे पाय मोडले नाहीत, हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले. वल्हांडणाच्या कोकराचंही हाड मोडायचं नाही, अशी आज्ञा निर्गमातच आहे, हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून त्या वाक्याला डोळे भरून येतात.