उणे पाच

उणे पाच नंबरचा माणूस नवी फ्रेम घालून पाहतो तेव्हा त्याला आधी स्वतःचा चष्मा काढावा लागतो आणि तो काढला की आरशातला स्वतःचाच चेहरा त्याला ओळखू येत नाही. रविवारी आमच्या चष्म्याच्या दुकानात आलेल्या काकांनी यावर उपाय सोबतच आणला होता. मुलगा, सून आणि दोन नातवंडे मागे उभी असूनही त्यांपैकी कोणाच्याच मताला किंमत नसल्यामुळे, गुडघेदुखीने चिंचवडच्या घरी थांबलेल्या काकूंना व्हिडिओ कॉल लावण्यात आला आणि फोन धरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

"ही कशी आहे?"

"काढा. मयताला निघाल्यासारखे दिसताय."

"मग ही?"

"हिच्यात नाक फार दिसतंय."

"अगं, नाक आहेच माझं!"

"म्हणून तर म्हणतेय."

ट्रे भरत चालला होता. तेवढ्यात काकूंची नजर माझ्यावर गेली. "त्या मुलाने घातलाय ना, तसा घालून बघा." तसली फ्रेम शिल्लक नसल्याने मला माझाच चष्मा काढून द्यावा लागला. आता आरशापुढे दोन आंधळे उभे होते आणि निकाल तेवढा चिंचवडहून यायचा होता. तो आला. "त्या मुलापेक्षा तुम्हांलाच बरा दिसतो."

हे मी अजून विसरलेलो नाही.

फ्रेमच्या दांडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाचे अंतर आणि दांडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. काकांनी माझ्या दांडीवरच्या आकड्यांचा फोटो काढला, माझ्याकडून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मोजून घेतले, जुन्या चष्म्याचे नोजपॅड फुकट बदलून घेतले आणि "ऑनलाइन बघतो, तिकडे स्वस्त पडतं" असे प्रामाणिकपणे सांगून ते निघाले. या प्रामाणिकपणाचा मला फसवणुकीपेक्षा जास्त राग येतो.

दारावर येणाऱ्यांची मोजदाद करणारे यंत्र आहे. आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली यावर आमचा इन्सेंटिव्ह ठरतो आणि गॉगल चाटून पाहणारा लहान नातूही त्या यंत्राच्या लेखी ग्राहकच असतो. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारले, "पाच जण आले आणि एकही बिल नाही?" फोनवरच्या काकू मोजल्या गेल्या नाहीत, एवढीच काय ती माझ्यावर झालेली कृपा.