"उरलेलं देऊ की त्यांना"

आज आमच्या भाजीच्या ग्रुपची मीटिंग होती. हो, तोच ग्रुप, ज्याच्या पेटीचे फोटो टाकून मी दर आठवड्याला तुम्हाला पिडते. सीझन सुरू व्हायच्या आधीच शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घ्यायचा, सीएसए म्हणतात त्याला. तर विषय निघाला की पलीकडच्या वस्तीतही ही ताजी भाजी पोचायला हवी, त्यासाठी थोडा निधी उभा करता येईल का. एक गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, म्हणाले, "निधी कशाला? दोनचार पेट्या उरतातच ना, त्या देऊ की त्यांना." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांत विषय खलास. पुढचा अर्धा तास भाजी पेटीत द्यायची की कापडी पिशवीत यावर.

डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींनी मागच्या सीझनला माझी पेटी उघडताना बघितली. पालेभाजी हातात घेऊन म्हणाल्या, "सकाळची काढलेली दिसते. आम्हाला मिळेल का हो ताई अशी?" मी उत्साहात सगळी स्कीम समजावून सांगितली, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायचे वगैरे. त्या हसल्या. "सहा महिन्यांचे? ताई, आमचं घर आठवड्याच्या पैशावर चालतं." बास, एवढंच. परत फरशी पुसायला लागल्या.

म्हणजे बघा, त्या भाजीचे पैसे द्यायला तयार होत्या, फक्त एकदम देऊ शकत नव्हत्या, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आमच्या मीटिंगमधल्या एकाही माणसाच्या डोक्यात येऊ नये? वस्तीत चिप्सची आणि बिस्किटांची पाकिटं प्रत्येक कोपऱ्यावर, पण ताजी पालेभाजी घ्यायची तर गाडीभाडं काढून लांब जा. आणि वर आपणच म्हणायचं, त्या लोकांना सवयच नाही हो भाजीची.

बरं, ही कल्पना काही आमच्यासारख्यांसाठी निघालेली नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात अन्नातल्या रसायनांना घाबरलेल्या घरच्या बायकांनी थेट शेतकऱ्यांना गाठलं, तेइकेई म्हणतात तिकडे. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर हे सुरू झालं. पण त्याच्याही आधी अलाबामात बुकर टी. व्हॉटली नावाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते की गिऱ्हाइकांनाच सभासद करून घ्या आणि वर्गणी आधी घ्या. अडलेला शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून निघालेली गोष्ट आणि आम्ही तिचं काय केलं तर फोटो. मीही त्यातलीच, माहितीय.

आता कोणीतरी म्हणणार, मग शेतकऱ्यानेच सवलत द्यावी. का? बियाणं, खत, मजुरी सगळं पेरणीच्या आधी लागतं, तेव्हा त्याचाच खिसा रिकामा असतो. अमेरिकेत स्नॅप म्हणून गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते. २०१४ च्या कायद्याने तो पैसा सीएसएच्या वाट्यासाठी वापरायची सोय झाली, पण शेतकऱ्याने तो घ्यायचा पेटी देण्याच्या फार तर १४ दिवस आधी. गरिबाचा पैसा महिनोन् महिने कुठेतरी अडकू नये म्हणून असेल, बरोबरच आहे ते. पण मग पेरणीच्या वेळचा खर्च कोणी करायचा? निधी लागतो तो तिथे, एवढंच मला म्हणायचं होतं. सुरुवातीची रक्कम निधीतून भरायची, मावशींसारख्या घरांनी ती आठवड्याला थोडी थोडी परत करायची, तेच पैसे पुढच्या सीझनला परत शेतकऱ्याला. आणि गारपीट झाली, पेटी अर्धीच आली, तर त्या घरांची तूटही निधीने सोसायची. आपल्याला अर्धी पेटी म्हणजे पोस्ट टाकायला विषय, त्यांच्याकडे रात्रीचं जेवण असतं ते.

जर्मनीत तर काही शेतांवर वर्षाचा खर्च सभासदांसमोर मांडतात आणि मग प्रत्येकजण आपल्याला किती झेपेल तो आकडा नाव न घालता चिठ्ठीवर लिहितो. बेरीज कमी पडली तर परत चिठ्ठ्या. ज्याच्याकडे जास्त तो जास्त लिहितो, कोणाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आमच्याकडे हे सुचवलं तर अर्धे लोक चहा प्यायला उठतील.

हो, निधी आटतात, दोन वर्षं उत्साह आणि मग कोणी फोन उचलत नाही, हे मान्य. पेटीत काय येईल ते आपल्या हातात नसतं, दिवसभर राबून आलेल्या बाईला अनोळखी भाजी निवडत बसायला वेळ नसतो, तेही मान्य. मग आधी त्यांना विचारा ना काय हवंय! उरलेलं द्यायचं असलं की विचारावं लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

खरं सांगू का, मीसुद्धा तेच केलं होतं. त्या बोलण्यानंतर मी माझ्या पेटीतली निम्मी भाजी मावशींना द्यायला लागले आणि स्वतःवर फार खूश होते. तीन आठवडे त्यांनी नेली. चौथ्या आठवड्यात पिशवी ओट्यावर तशीच. म्हणाल्या, "नको ताई, तुमच्यातली किती दिवस नेऊ." पेट्यांवर सभासदांची नावं लिहिलेली असतात, त्यांनी माझ्या नावाकडे बघितलं की मला तसं वाटलं, कोण जाणे. तेव्हाही मला काही बोलता आलं नाही आणि आज मीटिंगमध्येही मी गप्पच बसले. त्या गृहस्थांवर एवढं तोंडसुख घेतेय खरं, पण मान डोलावणाऱ्यांत मी नव्हते हे काही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

असो. येत्या सीझनला दोन पेट्यांची आगाऊ रक्कम मी भरतेय, आठवड्याला परत येईल तशी. मावशींना उद्या विचारते. ग्रुपमधलं अजून कोणी असेल तर मेसेज करा, सात-आठ पेट्या झाल्या तर शेतकरीदादा वस्तीपर्यंत गाडी आणतील असं वाटतंय. आणि प्लीज, पेटी न्यायची वेळ चारची ठेवू नका, मावशी सातपर्यंत आपल्याच घरांमध्ये कामाला असतात.