सहा अँटेना नकोत, रांग लावणारा राउटर द्या!

राउटरच्या खोक्यावर काय वाट्टेल ते छापतात. एसी १२००, सहा अँटेना, थ्री-बीएचकेला पुरेल एवढी रेंज, वर गेमिंगचा एखादा ड्रॅगन. पण मला जे हवंय तेवढंच कुठे लिहिलेलं नसतं: घरातली चार मशीन एकाच वेळी नेटवर बसली, तर हा डबा आधी कोणाला सोडतो? दुकानात विचारावं तर "मॅडम, स्पीड एकदम मस्त आहे, डोळे झाकून घ्या." अहो, स्पीड मी विचारलाच नाहीये!

आणि तो एसी १२०० चा आकडा तरी धड आहे का? वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ एकत्र मोजायचे, वर थोडं गोल करायचं, झाले १२००. घरातल्या कुठल्याही एका लॅपटॉपला तो वेग जन्मात मिळत नाही. यातल्या कितीतरी स्वस्त मॉडेलांच्या मागची लॅन पोर्टं (वायर खोचायची भोकं) तर अजूनही १०० एमबीपीएसचीच असतात. हे मात्र खोक्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आमच्या घरी सकाळी नवरा क्लायंटच्या कॉलवर असतो, मी रिमोटने ऑफिसच्या मशीनवर, लेकीचा क्लास चालू आणि सासूबाईंच्या टीव्हीवर कीर्तन. एवढ्यात कुणीतरी फोन चार्जिंगला लावतं, फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू होतो आणि सगळं बोंबलतं. नवऱ्याचा आवाज तुटायला लागतो, माझ्या स्क्रीनवर एक अक्षर टाइप केलं की ते उमटेपर्यंत वाट बघायची. स्पीड टेस्ट लावली की शंभरच्या शंभर! हेच डोक्यात जातं. कंपनीचा माणूस तोच आकडा दाखवून "लाइन ओके आहे" म्हणतो आणि मोकळा होतो.

लाइन ओकेच आहे हो, रांग बेशिस्त आहे! अपलोड २० एमबीपीएसचं धरा आणि डब्यात पाठवायच्या पॅकेटांसाठी, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांसाठी, एक मेगाबाइटची जागा, म्हणजेच बफर. बॅकअपने ती भरून टाकली की मागून आलेल्या प्रत्येक पॅकेटला ४०० मिलिसेकंद ताटकळावं लागतं. बोलणं नीट व्हायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. म्हणजे बोलण्याचा बट्ट्याबोळ आमच्या घरातच होतो, पुढचं जग लांबच राहिलं. बरं, टाकी मोठी बांधली म्हणून नळाची धार वाढते का? पण राउटरवाले बफर मोठे ठेवत गेले, आणि लोक मात्र महागडा प्लॅन घेत बसले.

याला बफरब्लोट म्हणतात, आणि खरा संताप पुढेच आहे. यावर औषध आहे, तेही फुकट! कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल मांडलं, म्हणजे रांगेत पॅकेटांना फार वेळ ताटकळू न देणारी पद्धत. कनेक्शनांच्या वेगवेगळ्या रांगा लावणारं, त्यावरचं एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलं, २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ८२९० म्हणून छापूनही झालं. त्याच वर्षी लिनक्स ४.१९ मध्ये केक हे त्याचंच सुधारलेलं रूप आलं. केकला नीट सांगितलं तर ते आधी घरातल्या मशीनांमध्ये समान वाटा पाडतं आणि मग प्रत्येक मशीनच्या कनेक्शनांमध्ये. एकाच फोनने पन्नास कनेक्शनं उघडून सगळ्यांचं खाल्लं, असं होतच नाही. नेमकं हेच हवंय मला! बहुतेक घरगुती राउटरांच्या आत लिनक्सच चालतं. मग हे बाहेर का येत नाही? कारण खोक्यावर ते ड्रॅगनसारखं चमकत नाही.

त्याऐवजी देतात काय, तर क्यूओएस नावाचं, कुणाला आधी सोडायचं ते ठरवणारं एक बटण. घरातल्या उपकरणांची यादी येते, नावापुढे "प्राधान्य" आणि किती वेळ ते निवडा: एक तास, दोन तास, चार तास, कायम. म्हणजे रोज सकाळी मी राउटरच्या पानावर लॉगिन करून नवऱ्याला मोठं करायचं आणि दुपारी लेकीला? वर एकूण बँडविड्थ हातानेच भरायची. ती खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी, ८५ ते ९५ टक्क्यांच्या आसपास टाकली तरच रांग राउटरच्या ताब्यात राहते, हे त्या पानावर एका ओळीत लिहायला काय जातं? लोक बिचारे प्लॅनचा पूर्ण आकडा टाकतात आणि मग म्हणतात, क्यूओएसने काही होत नाही.

आणखी एक पाचर. क्यूओएस चालू केलं की अनेक राउटरांमध्ये पॅकेटं प्रोसेसरला वगळून परस्पर पुढे सोडणारा चिपचा शॉर्टकट बंद पडतो आणि प्रत्येक पॅकेट त्या मरतुकड्या प्रोसेसरकडे जातं. ३०० चा प्लॅन घेतलेल्या माणसाला अचानक निम्मंसुद्धा मिळेना होतं. क्यूओएस लावून हा राउटर किती एमबीपीएस झेपवतो, हा एकच आकडा छापा ना! मिक्सरवर वॅट छापतात, फ्रिजवर तारे छापतात, इथेच का तोंड शिवलेलं?

घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मोठी फाइल टाकायची असेल तर हे बटण बहुधा उपयोगाचंच नाही. वायरने जोडलेल्या दोन मशीनांमधली वाहतूक आतल्या स्विच चिपमधूनच परस्पर जाते, क्यूओएसला तिचा पत्ताही नसतो. वायफायवर असाल तर भांडण हवेतल्या वेळेचं असतं, तिथे तर ती यादी काहीच करू शकत नाही. तरी जाहिरातीत "घरातील प्रत्येक उपकरणाला प्राधान्य". साफ खोटं!

बरं, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं फुकट, लिनक्सवरचं सॉफ्टवेअर, ज्यात केक लावता येतं) चालणारा राउटर स्वतः शोधून आणावा, तर फायबरवाल्याचा डबा मध्ये बसलेला. त्यात क्यूओएसचं पान नाही, अॅडमिनचा पासवर्ड देणार नाहीत, ब्रिज मोड (त्यांच्या डब्याने नुसती लाइन पुढे द्यायची, राउटरचं काम माझ्या राउटरने करायचं) मागितला की "ते आमच्याकडून होत नाही मॅडम, एकदा रिस्टार्ट करून बघा." रिस्टार्टने बॅकअप तुटतो म्हणून दहा मिनिटं बरं वाटतं, यांना वाटतं जमलं. मी लेखी विनंती टाकली, फक्त ब्रिज मोड करून द्या, पुढचं माझं मी बघते. कुणाचा फोन नाही, कुणी घरी आलं नाही. संध्याकाळी मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया पाच तारे द्या.