‘सेल म्हणजे बायकांसाठी रचलेला सापळा’ : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

सणासुदीचे दिवस जवळ आले की समाजमाध्यमांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : पूर्वी दुकानदार प्रामाणिक होते, वस्तूचा भाव एकच असे आणि माणसे गरजेपुरतेच विकत घेत, मग १९०९ मध्ये लंडनमध्ये सेल्फ्रिज नावाच्या गृहस्थाने अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर उघडून ‘सेल’ शोधून काढला, सेलमधली सवलत म्हणजे आधी चढवलेला भाव खाली आणल्याचा देखावा, दुकानदार आणि कारखानदार यांनी संगनमताने रचलेल्या या सापळ्यात भोळ्या बायका अडकल्या आणि नको असलेली भांडीकुंडी व कपडे घरी आणू लागल्या. हा मजकूर इतिहास म्हणून वाचला जातो आणि त्यातून आपल्या आया-आज्यांच्या पिढ्यांबद्दलही एक मत तयार होते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान एकच भाव असलेल्या प्रामाणिक काळाचे आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतील बहुतेक कापड दुकानांत भाव लिहिलेला नसे; गिऱ्हाइकाचा पोशाख, बोलणे आणि निकड पाहून तो सांगितला जाई आणि पुढे घासाघीस चाले. पुण्याच्या तुळशीबागेत ज्यांनी कधी भाव केला आहे, त्यांना हा व्यवहार कसा चालतो हे वेगळे सांगायला नको. ‘सर्वांना एकच भाव’ ही प्रथा रुजवण्यात मोठ्या दुकानांचाच वाटा मोठा होता. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्ट्यूअर्ट यांनी १८४६ मध्ये ब्रॉडवेवर संगमरवरी इमारतीत दुकान थाटले, पॅरिसमध्ये अरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये ‘बाँ मार्शे’त भागीदार झाले, आणि फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालगोदामात ‘ग्रँड डेपो’ सुरू केला. या तिघांच्या धोरणांत तपशिलाचे फरक असले, तरी निश्चित भाव हे सूत्र समान होते. बाँ मार्शेत काहीही विकत न घेता नुसते हिंडून बघता येत असे, आणि वॉनामेकर यांनी माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी जाहीर केली होती.

भाव कमी झाला आहे असे म्हणण्यासाठी आधी तो निश्चित आणि सर्वांना माहीत असावा लागतो. ज्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला निराळा आकडा सांगितला जातो, तिथे सवलत जाहीरपणे देताच येत नाही. निश्चित भावाच्या पद्धतीतूनच सेल जन्माला आला, आणि संदेश मात्र त्याला त्या पद्धतीचा मारेकरी ठरवतो.

सेल्फ्रिजविषयीच्या विधानाला फार वेळ द्यावा लागणार नाही. हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १५ मार्च १९०९ रोजी दुकान उघडले हे खरे आहे. पण त्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे ते शिकागोच्या मार्शल फील्ड कंपनीत होते आणि सवलतीच्या मालाचे तळघर त्यांनी तिथेच पाहिले होते. वॉनामेकर यांचा चादरी-अभ्र्यांचा ‘व्हाइट सेल’ १८७८ च्या जानेवारीतला आहे. लंडनच्या दुकानांतही हंगामअखेरचे सेल सेल्फ्रिज येण्याच्या कितीतरी आधीपासून लागत होते. सेल्फ्रिज यांचे कर्तृत्व काचेच्या दर्शनी खिडक्या सजवण्यात, जाहिरातीत आणि दुकानाला फिरायला जाण्याचे ठिकाण बनवण्यात होते. तेही मोठेच काम आहे, त्याला न केलेल्या शोधाची जोड देण्याची गरज नाही.

सवलत म्हणजे निव्वळ देखावा, हे विधान अर्धे खरे आहे, आणि त्यामुळेच त्याकडे सर्वाधिक काळजीपूर्वक पाहायला हवे. भाव मुळात का कमी होत, याची कारणे दुकानाच्या हिशेबात सापडतात. नाताळ संपला की जानेवारीत गिऱ्हाइकी एकदम ओसरत असे, पण भाडे, पगार आणि दिवाबत्तीचा खर्च तसाच चालू राहत असे. त्या काळी चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ आणि आतले कपडे बहुधा पांढऱ्या रंगाचेच असत; ते दरवर्षी लागत आणि त्यांची फॅशन सहसा बदलत नसे. गिरण्यांना आणि शिवणकाम करणाऱ्या कारखान्यांना काम कमी असताना आगाऊ मागणी नोंदवली, तर असा माल नेहमीपेक्षा स्वस्त पडे. मंदीच्या महिन्यात कमी नफ्यावर जास्त माल खपवणे, एवढाच व्हाइट सेलमागचा हिशेब होता. फर्निचरचे सेल ऑगस्टसारख्या सुस्त महिन्यात लावण्यामागेही हाच विचार होता.

तयार कपड्यांची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण तिथे वेळ हाच मालाचा शत्रू असतो. १९१० च्या सुमारास घोट्याजवळ इतका अरुंद झगा चालू झाला की बाईला लांब पाऊल टाकणे अशक्य व्हावे. १९१५ पर्यंत घेरदार आणि आखूड झगे आले आणि अरुंद झगा जुनाट ठरला. ज्या दुकानात असे अरुंद झगे शिल्लक राहिले असतील, तिथे कापड तेच, शिवण तीच, पण मोल उरलेले नव्हते. अशा मालावर भाव उतरवणे हे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानाची कबुली देण्यासारखे होते, त्यात देखावा कसला?

या हिशेबाचे सर्वांत उघड रूप बॉस्टनमध्ये दिसले. एडवर्ड फाइलीन यांनी १९०९ मध्ये आपल्या दुकानाच्या तळघरात असा विभाग सुरू केला की तिथे भाव कधी आणि किती उतरणार हे आधीच ठरलेले असे. माल विक्रीला ठेवल्यापासून विक्रीचे बारा दिवस झाले की किंमत २५ टक्क्यांनी उतरे, अठरा दिवसांनी ५० टक्क्यांनी, चोवीस दिवसांनी ७५ टक्क्यांनी, आणि तीस दिवसांनंतरही न खपलेला माल धर्मादाय संस्थांना दिला जाई. तारीख वस्तूवरच लिहिलेली असल्यामुळे आपण थांबलो तर किती वाचेल आणि थांबलो तर वस्तू दुसरी कोणी उचलेल का, हा विचार गिऱ्हाइकाला स्वतःला करता येत असे. दुकानदाराने आपले गुपित गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला त्या काळात आढळत नाही. दुसऱ्या दुकानांचा आणि कारखान्यांचा पडून राहिलेला मालही या तळघरात विकला जाई.

तरीही फसवणूक होत नव्हती असे मी म्हणणार नाही. ‘मूळ किंमत इतकी, आता इतकी’ अशा जाहिरातींतील मूळ किंमत अनेकदा कल्पित असे, आणि सेलसाठी म्हणून मुद्दाम हलक्या प्रतीचा माल शिवून घेतला जाई. हा रोग इतका पसरला होता की १९११ मध्ये ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकाने खोट्या जाहिरातीला गुन्हा ठरवणाऱ्या नमुना कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि पुढच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांनी त्याच्या धर्तीवर कायदे केले. लक्षात घ्यायचे ते हे की या सुधारणेची मागणी व्यवसायाच्या आतूनही आली होती, कारण खोट्या किमतींमुळे निश्चित भावावरचा विश्वासच उडाला असता आणि प्रामाणिक दुकानदाराचा सेलही कोणी खरा मानला नसता. संदेश लिहिणाऱ्याने फसवणुकीची उदाहरणे दिली असती, तर मी त्याच्याशी सहमत झालो असतो. त्याने मात्र गैरवापरालाच मूळ हेतू ठरवले आहे.

दुकानदार आणि कारखानदार यांच्या संगनमताचे विधान तर न्यायालयाच्या निकालांनीच खोडून निघते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या दोघांमध्ये उघड झगडा चालू होता. आपला माल ठरवलेल्या किमतीखाली विकला जाऊ नये असे उत्पादकांना वाटे, आणि मोठ्या दुकानांना तो स्वस्त विकून गिऱ्हाईक आत आणायचे होते. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या प्रतींवर ‘किरकोळ किंमत एक डॉलर, त्याहून कमी किमतीला विकण्याची परवानगी नाही’ अशी सूचना छापली. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती कादंबरी ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये न्यायालयाने मेसीजचे मालक श्ट्राउस बंधू यांच्या बाजूने निकाल दिला : प्रत एकदा विकल्यावर पुढची किंमत ठरवण्याचा हक्क प्रकाशकाला उरत नाही. १९११ मध्ये औषधांच्या एका खटल्यात याच न्यायालयाने उत्पादकाने किरकोळ भाव बांधून देणारे करार बेकायदा ठरवले, आणि १९१३ मध्ये प्रकाशकांच्या संघटनेविरुद्ध मेसीजलाच पुन्हा यश मिळाले. दुकानांनी हे गिऱ्हाइकाच्या प्रेमापोटी केले असे मी मानत नाही. स्वस्त पुस्तक घ्यायला आलेली बाई पातेले आणि पडद्याचे कापडही घेऊन जाईल हा त्यांचा हिशेब होता. परंतु जे दोन पक्ष न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभे होते, त्यांनी मिळून कट केला असे म्हणता येत नाही.

नको असलेल्या वस्तू घरी आल्या, या विधानात मला सर्वांत जास्त अन्याय दिसतो. व्हाइट सेलमध्ये काय विकले जाई याची यादी वर आलीच आहे. चादरी, अभ्रे, टॉवेल, लहान मुलांचे आणि बायकांचे आतले कपडे यांपैकी कोणती वस्तू अनावश्यक होती? त्यातील पुष्कळशा वस्तू आदल्या पिढीतल्या बायका रात्री दिव्याजवळ बसून हाताने किंवा घरच्या शिवणयंत्रावर शिवत. तयार वस्तू परवडणाऱ्या भावात मिळू लागली, तेव्हा घरातील न मोजल्या जाणाऱ्या श्रमाचे अनेक तास वाचले.

भांड्यांबाबतही हेच आहे. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत सापडल्यावर तो धातू स्वस्त झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हलकी अ‍ॅल्युमिनियमची पातेली बिडाच्या जड भांड्यांची जागा घेऊ लागली. काचेच्या भांड्यात भट्टीत भाजणे शक्य आहे हेही याच काळात सिद्ध झाले : १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावात बेसी लिटलटन यांनी नवऱ्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, वरून कापलेल्या बॅटरीच्या काचपात्रात केक भाजून दाखवला, आणि १९१५ मध्ये पायरेक्स भांड्यांची पहिली विक्री बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये झाली. एका गृहिणीच्या प्रयोगातून आलेली वस्तू दोन वर्षांत दुकानाच्या फळीवर पोहोचली, तिला मोहजाल कसे म्हणायचे?

आपल्याकडची एक नोंद इथे करावीशी वाटते. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचे मोठे दुकान होते आणि निश्चित भाव व रोखीचा व्यवहार ही पद्धत तिथे होती. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ च्या सुमारास, मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्सची स्थापना झाली. विलायती मालाला विरोध करणाऱ्यांनी मोठ्या दुकानाची कल्पना नाकारली नाही. त्यांनी तीच कल्पना देशी मालासाठी वापरली. दुकानाची रचना आणि त्यातून साधला जाणारा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

शेवटचे विधान भोळ्या बायकांचे. स्वस्त कपड्यांमागे कोणीतरी किंमत मोजत होते यात शंका नाही, पण ती बाई काउंटरच्या अलीकडे उभी नव्हती. ती काउंटरच्या पलीकडे दिवसभर उभी राहून विक्री करत होती किंवा कारखान्यात शिवत होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली, तेव्हा १४६ कामगार मेले; त्यांतील बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या, आणि बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. त्या शिवत होत्या ते बायकांचे तयार ब्लाउज, म्हणजे दुकानांतून सर्वांत जास्त खपणाऱ्या कपड्यांपैकी एक.

या अन्यायाकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत खरेदी करणाऱ्या बायकाच पुढे होत्या. १८९१ मध्ये जोसेफिन शॉ लोवेल यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाने, विक्रेत्या मुलींना बरा पगार आणि बसायला जागा देणाऱ्या दुकानांची ‘पांढरी यादी’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १८९९ मध्ये राष्ट्रीय ग्राहक संघ स्थापन झाला आणि फ्लॉरेन्स केली त्याच्या कार्यवाह झाल्या. या संघाने बायकांच्या व मुलांच्या पांढऱ्या आतल्या कपड्यांसाठी स्वतःची एक चिठ्ठी काढली. कारखान्यात सोळा वर्षांखालील मूल कामाला नाही, जादा तास नाहीत, माल बाहेर झोपडपट्टीतल्या खोल्यांत शिवून आणलेला नाही आणि राज्याचे कारखाना कायदे पाळले जातात, अशी खात्री झाली तरच ती कपड्यावर शिवली जाई. जानेवारीच्या व्हाइट सेलमध्ये ज्या कपड्यांचे ढीग लागत, नेमक्या त्याच कपड्यांसाठी ही चिठ्ठी होती, आणि भाव पाहण्याआधी चिठ्ठी पाहा असे संघाच्या सभासद बायका एकमेकींना सांगत. १९०८ मध्ये ऑरेगन राज्यातील स्त्री-कामगारांच्या दहा तासांच्या कायद्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा कायद्याची बाजू मांडणारे वकील लुई ब्रँडाइस यांच्या युक्तिवादामागचे पुरावे गोळा करण्याचे काम याच संघाच्या जोसेफिन गोल्डमार्क यांनी केले होते, आणि तो कायदा टिकला. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने अमेरिकेतील पहिला किमान वेतन कायदा केला, तोही स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठीच.