खाडीकाठचा खारट संसार

आमच्या ऐरोलीच्या घरापासून ठाण्याची खाडी चालत वीस मिनिटांवर आहे. तिथलं खारं पाणी फुकट, फ्लेमिंगोही फुकट. मी मात्र मीठ विकत आणून हॉलमध्ये समुद्र कालवतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 500 लिटरच्या माशांच्या टाकीला साडेसतरा किलो. वर दर रविवारी 50 लिटर पाणी बदलायचं, त्याला पावणेदोन किलो. "एवढ्या मिठात माझी दहा वर्षांची लोणची झाली असती," असं आई दर रविवारी न चुकता म्हणते.

समुद्राला 26 अंश लागतात, म्हणून चिलर. तो टाकीतली उष्णता काढतो आणि थेट आमच्या अंगावर सोडतो. मे महिन्यात मासा गारव्यात आणि आम्ही पंख्याखाली घाम पुसत. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत बसतो. बायको विचारते, "अहो, त्यातली एक इकडे मिळेल का?"

प्रवाळ मी ठेवत नाही. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत आणि मला माशांसाठी वकील करायची हौस नाही. सिरॅमिकचे खडक, एक समुद्रफूल (सी ॲनिमोन; दिसायला फूल, पण प्राणी) आणि त्यात नांदणारी क्लाऊनफिशची जोडी, एवढंच होतं. सुखी कुटुंब. मग मी एम्परर एंजल मासा आणला.

पिल्लू बोटभर, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं. मोठेपणी हाच पिवळ्या पट्ट्यांचा, 40 सेंटिमीटरपर्यंतचा बादशहा होतो, तेव्हा ही टाकी त्याला अपुरी पडणार हे मला माहीत होतं. (मोठी घ्यायची झाली तर स्लॅबचं काय, हे सेक्रेटरींनी आत्ताच विचारून ठेवलंय. पाणीच अर्धा टन आहे.) "समुद्रफुलाला तोंड लावेल का?" मी दुकानदाराला विचारलं. "लावणार नाही, साहेब. लावलं तर ते त्याच्या स्वभावावर." याला तो गॅरंटी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बादशहाने समुद्रफुलाचा एक चावा घेऊन पाहिला. मी नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे तुकडे क्लिपला लावले, ते संपवून तो पुन्हा तिकडेच. शेवटी क्लाऊनफिशची मादी धावून आली. दोन इंचांची बाई, पण चाळीत पाणी भरताना मध्ये घुसणाऱ्याला जशी धरतात तशी धरली तिने. बादशहा गुहेत. घाबरला की तो टक्‌टक्‌ आवाज करतो. पहिल्या रात्री मी दार उघडून बघितलं होतं.

समुद्रफुलाला मात्र हा शेजार मानवला नाही. पायावर सरकत, सरकत ते निघालं ते थेट वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत लाटा करणाऱ्या पंख्याच्या दिशेने. पंख्यात सापडलं असतं तर चिंधड्या होऊन अख्खी टाकी नासली असती. रात्री दोन वाजता मी वेव्हमेकरला जाळी बांधत होतो. कोपरापर्यंत बाही भिजलेली, आणि हाताला मादी चावतेय. मी तिचाच संसार वाचवतोय, हे तिला कोण सांगणार?

सकाळी समुद्रफूल खडकामागे, भिंतीच्या बाजूला जाऊन बसलं. पाठोपाठ क्लाऊनफिशही. बादशहा गुहेतच.

त्याच रविवारी वाशीचे मामा-मामी खास टाकी बघायला आले. मामा चष्मा लावून पाच मिनिटं काचेला नाक लावून उभे राहिले.

"दगड चांगलाय हो," ते म्हणाले. "कुठून आणलात?"