‘दुकानात जाऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

टीव्ही किंवा लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास येतो. दुकानात जाऊ नका, तिथल्या पोरांना काही कळत नाही, कमिशनसाठी ती काहीही गळ्यात मारतात, आणि तिथे बघण्यासारखं असतं तरी काय, सगळं रिव्ह्यूत असतंच.

‘काही कळत नाही.’ बऱ्याचदा खरंय. पण कळणारे गेले कुठे? अमेरिकेतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने मार्च २००७ मध्ये सुमारे ३,४०० विक्रेत्यांना घरी पाठवलं. कारण एकच, पगार जास्त. त्यांच्या जागी कमी पगारावर नवी भरती. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २००९ मध्ये दुकानांना टाळं लागलं. मंदीचाही हात होता, मान्य. तरी जाणता माणूस मालकाने काढायचा आणि शिव्या काउंटरवरच्या नव्या पोराने खायच्या, हे काही पटत नाही.

‘कमिशन.’ बेस्ट बाय या तिथल्याच दुसऱ्या साखळीने विक्रेत्यांचं कमिशन १९८९ मध्येच बंद केलं. कमिशन नसेल तिथेही टार्गेट असू शकतं, आणि ते बहुतेक वाढीव वॉरंटी, केबल, कव्हर यांचं, कारण दुकानाची खरी कमाई त्यात. ‘सोन्याचा मुलामा असलेली एचडीएमआय केबल घ्या, चित्र उजळ दिसेल’ हे मात्र बिनधास्त नाकारा. सिग्नल डिजिटल आहे. केबलची क्षमता कमी पडली तर ठिपके येतील, पडदा मधेच काळा होईल. रंग फिके पडणार नाहीत.

‘बघण्यासारखं काही नसतं.’ इथे मेसेज साफ चुकतो. मागे एका लॅपटॉपचे सगळे रिव्ह्यू वाचून गेलो होतो. दुकानात एका बोटाने झाकण उचललं, तर खालचा कीबोर्डही सोबत वर आला. बिजागरी इतकी घट्ट! शेजारचा पोरगा हसला, म्हणाला, “सर, याला दोन हात लागतात.” कळत नाही म्हणे. हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर दाबतो का, हेही आपलं डोकं आत घातल्याशिवाय कळत नाही.

टीव्हीचं मात्र उलटं. दुकानात तो बहुधा डेमो मोडवर असतो: ब्राइटनेस टिपेला, रंग भडक, चित्र निळसर. रिमोट मागून ‘सिनेमा’ मोड लावायला सांगा. भिंतीवरचा सगळ्यात झगमगता सेट तेव्हा बरेचदा शेजारच्यासारखाच दिसायला लागतो.

‘बिघडलं की दुकान हात वर करतं’ हेही त्या मेसेजच्या शेपटाला असतं. वॉरंटी सहसा उत्पादकाची असते, त्यामुळे बोट सर्व्हिस सेंटरकडेच दाखवलं जाणार. म्हणून खोका काउंटरवरच उघडायला लावा, वस्तू चालू करून बघा, आणि बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. मागची रांग कुरकुरेल. कुरकुरू दे.