द्रास थंड आहे, पण जगात दुसऱ्या क्रमांकाचं नाही

कारगिल विजय दिवस जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर द्रासचा मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा : 'लडाखमधलं द्रास हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड गाव आहे. फार उंचावर असल्यामुळे तिथं तापमान उणे 60 अंश असतं. तसल्या थंडीत आपले जवान लढले.' गावात तशी पाटीही आहे. आपल्याकडचे पर्यटक तिच्यापाशी उभे राहून फोटो काढतात, मीही काढला आहे. गाव मनापासून आवडलं, म्हणूनच त्याच्याबद्दल खरं काय ते सांगावंसं वाटतं.

आधी क्रमांकाचं बघू. सायबेरियातल्या याकुतियात वर्खोयान्स्क इथं 1892 साली उणे 67.8 आणि ओयम्याकोनला 1933 साली उणे 67.7 अंशांची नोंद झाली. म्हणजे पहिल्या दोन जागा तिथंच भरल्या. कॅनडाच्या युकॉनमधलं स्नॅग 1947 मध्ये उणे 63 पर्यंत उतरलं होतं. मेसेजमधला आकडा जसाच्या तसा धरला, तरी द्रास या तिघांच्या मागेच राहतं.

आता तो उणे 60. जानेवारी 1995 मधल्या एका दिवसाचा म्हणून हा आकडा सांगतात. एका दिवसाच्या आकड्यापुढे 'असतं' लावलं की वाचणाऱ्याला वाटतं, तिथला हिवाळाच तसा. प्रत्यक्षात जानेवारीत द्रासचं रात्रीचं किमान तापमान सरासरी उणे 22 अंशांच्या आसपास असतं. तीन लाखांहून जास्त वस्तीच्या याकुत्स्क शहरात जानेवारीची सरासरी, दिवस-रात्र मिळून, उणे 38 च्या जवळ जाते. हा फरक सूर्याचा आहे. द्रास साधारण 34 अक्षांशावर, जवळपास श्रीनगरच्या रेषेत. डिसेंबरातही तिथं पावणेदहा तासांच्या आसपास दिवस असतो. ओयम्याकोन 63 च्या पुढे, तिथं सूर्य जेमतेम काही तास क्षितिजालगत दिसतो. रात्री गोठलेली जमीन दिवसा सावरायला तिथं ऊनच मिळत नाही.

उंचीचं कारण ऐकायला पटतं, पण लेहशी ताडून बघा. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, द्रास 3,300 च्या आत. तरीही द्रासचा हिवाळा लेहपेक्षा कडक. द्रास झोजिला खिंडीच्या अगदी पाठीशी आहे. पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग खिंड ओलांडून इथं भरपूर बर्फ टाकतात, लेहपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. पांढरी जमीन दिवसाचं ऊन परतवते आणि निरभ्र रात्री भराभर उष्णता सोडते. उतारांवरची गार, जड हवा घरंगळत खाली येते आणि खोऱ्यात पाणी तुंबावं तशी साठते.

ज्या दुकानात आम्ही चहा प्यायलो, तिथं जुलैतही कोपऱ्यात बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, होती, धुराड्याचा पाइप छताबाहेर काढलेला. बाहेर ऊन चटकत होतं, नदीकाठी विलोची झाडं हिरवीगार, आमचे स्वेटर बॅगेत. दुकानदाराने दारामागचं लाकडी फावडं दाखवलं. म्हणाला, थंडीची सवय होते, पण बर्फ पडला की रात्री उठून छत साफ करावंच लागतं, नाहीतर छत बसतं.

जवानांबद्दलच्या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कारगिलचं युद्ध मे ते जुलै 1999 मधलं. तोलोलिंग 13 जूनला हाती आलं, टायगर हिल 4 जुलैला. त्या दिवसांत पाच हजार मीटरच्या आसपासच्या शिखरांवर रात्री पारा शून्याखाली जात होता, पण उणे 60 च्या आसपासही नाही. हिवाळ्याचा संबंध आहे तो वेगळाच : बर्फामुळे दोन्ही बाजू काही उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या करत, त्याचाच फायदा घेऊन घुसखोर वर येऊन बसले. मग आपल्या जवानांना खालून चढावं लागलं. विरळ हवेत, दहा पावलांवर छाती भरून येईल अशा चढावर, पाठीवर दारूगोळा, आडोशाला झाड नाही, झुडूप नाही. वर बसलेल्याला द्रासचा महामार्ग उघडा दिसत होता आणि चढणारा प्रत्येक माणूसही. म्हणून बरेचसे हल्ले रात्री झाले, उघड्या खडकाला हाताने चाचपत.